शिडाच्या होडीत फ्रिज कोणता?

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासेमारीला निघण्याआधी बोटीच्या पोटात बर्फाचा भुगा भरला जातो. तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या नायकाचा, सगळा हिशेब या बर्फावर बेतलेला असतो: तो किती दिवस पुरेल, तितके दिवस समुद्रात राहायचं. शिडाची होडी घेऊन किनाऱ्याने भटकायला निघणारे हौशी लोक मात्र फ्रिज निवडताना थेट यंत्रापासून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी पेटीची भिंत ठरवावी, मग तिला थंड कशाने करायचं ते.

आकडेच बघा. शंभर लिटरची पेटी, बाहेर ३२ अंश सेल्सिअस, आत ५ अंश, भिंतीत ५ सेंटिमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेनचा फेस). या पेटीत सतत १७-१८ वॉट उष्णता झिरपत राहते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे पेटी एकदाही न उघडता, नुसत्या भिंतींपायी रोज साडेचार किलो बर्फ जातो. पफ १० सेंटिमीटर केला की हा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. नुसतं महागडं यंत्र घेऊन इतकी बचत सहसा होत नाही.

मे १८३३ मध्ये बॉस्टनहून ‘टस्कनी’ हे शिडाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. विषुववृत्त दोनदा ओलांडून ते सप्टेंबरमध्ये पोहोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. जहाजावर थंड करणारं यंत्र नव्हतं; होतं ते फक्त उष्णता अडवणारं आवरण. अर्थात ढीग जितका मोठा तितका किलोमागे उघडा पृष्ठभाग कमी, त्यामुळे मोठा ढीग सावकाश वितळतो. छोट्या होडीला हा फायदा नाही, म्हणून तिला जाड भिंतीची गरज जास्तच.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. पेटी उघडली की ३० अंशांची ओली हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. त्या वेळी वाफ जी उष्णता सोडते, ती हवा थंड करताना काढाव्या लागणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त भरते. म्हणून झाकण वरून उघडणारं हवं: थंड हवा जड असते, ती पेटीतच राहते. पफलाही वाफ शिरू न देणारं अस्तर हवं. वर्षानुवर्षं ओल धरलेला पफ जाड दिसतो, पण उष्णता अडवत नाही.

आता यंत्रं. गॅसवर चालणारा शोषण फ्रिज शिडाच्या होडीत घेऊ नये. त्यातला द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहतो आणि होडी वाऱ्यावर कलली की त्याची वाट बिघडते. शिवाय गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, हा धोका वेगळाच. पेल्टिये परिणामावर (वीज वाहताच जोडाची एक बाजू थंड होते) चालणाऱ्या स्वस्त पेट्या बाहेरच्यापेक्षा साधारण वीसेक अंशच खाली जातात. रत्नागिरीच्या मे महिन्यात म्हणजे आत १२ अंश! सरबताला ठीक, मासळीला धोकादायक. बांगडा, गेदर अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. उबेत जिवाणू त्यापासून विषबाधा करणारं हिस्टामिन बनवतात. ते शिजवून नष्ट होत नाही, आणि मासळीला वास नाही म्हणून ते नाही असंही धरता येत नाही. वाटेत गळाला लागलेला बांगडा लगेच बर्फाच्या भुग्यात पुरायचा. वितळतं पाणी माशाच्या अंगावरून वाहत उष्णता नेतं आणि बर्फ स्वतःच शून्य अंश राखतो.

उरतात दोन पर्याय. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आपल्या उकाड्यात एक वॉट विजेत साधारण दीड वॉट उष्णता बाहेर काढतो असं धरू. झाकण उघडणं, नवं सामान थंड करणं धरून २५ वॉटचा भार आला, तर दिवसाला ४०० वॉट-तास वीज लागते. शंभर वॉटचा सौर पॅनल स्वच्छ दिवशी सुमारे एवढीच देतो, पण शिडाची सावली त्याच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन झपकन घसरतं. दुसरा पर्याय मिठाच्या द्रावणाने भरलेल्या पत्र्यांचा. बंदरात शिरता-निघताना इंजिन चालतं, तेवढ्या वेळात त्यावर जोडलेला कॉम्प्रेसर हे द्रावण गोठवतो आणि मग ते दिवसभर हळूहळू वितळत राहतं. बोटीवरच बनवलेला बर्फच तो.

२००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्या वाटेवरच्या केप हॉर्नकडच्या गार समुद्रात होडीचा तळच थंड होतो आणि पाण्याच्या पातळीखालच्या पेटीला राखावा लागणारा तापमानाचा फरक काही अंशांचाच उरतो. आपल्याकडचं पाणी मात्र २८-२९ अंशांचं. त्या समुद्रांसाठी लिहिलेले सल्ले इथे उपयोगाचे नाहीत.

रत्नागिरीहून विजयदुर्ग, देवगड, मालवण करत गोवा हे अंतर सुमारे ९० सागरी मैल आहे आणि मोठ्या मासळी बंदरांत बर्फ विकत मिळतो. एवढ्या फेरीसाठी मी १० सेंटिमीटर पफची, वरून उघडणारी पेटी आणि १५ किलो बर्फ घेईन. लक्षद्वीपकडे जायचं ठरलं, तर त्याच पेटीला कॉम्प्रेसर आणि दोन पॅनल जोडीन.