कळफलक घेताना : आवाज, स्पर्श आणि किंमत

भजनी मंडळासाठी पेटी घ्यावयाची असली म्हणजे गावातला जाणता माणूस दुकानात जाऊन काय करतो, हे आपण पाहिले असेल. तो लाकडावरचे पॉलिश पाहत बसत नाही. भाता धरून एकेक पट्टी दाबतो, सोडल्यावर ती झटकन वर येते की रेंगाळते ते पाहतो, कान देऊन सूर ऐकतो, आणि मग किमतीची गोष्ट काढतो. संगणकाचा कळफलक, म्हणजे आपण ज्याला कीबोर्ड म्हणतो तो, घेताना मात्र हाच माणूस दुकानदार देईल तो खोका काखेत मारून घरी येतो. निकालपत्रके, हजेरी, दाखले, अर्ज हे सारे आता बोटांनी बडवावे लागते. तेव्हा ज्या वस्तूवर रोज दोन-तीन तास बोटे पडावयाची, ती दाबून, ऐकून का घेऊ नये?

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. नेहमीचा स्वस्त कळफलक उघडून पाहिलात तर आत रबराची एक अखंड चादर दिसेल. प्रत्येक बटणाखाली तिला उपड्या वाटीसारखा फुगवटा असतो. तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असून त्यांवर विजेच्या वाटा छापलेल्या असतात. बटण दाबले की वाटी चेपते, पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. यात गोम अशी, की बटण जवळजवळ तळापर्यंत दाबल्याखेरीज अक्षर उमटत नाही. नवा असताना हा ठीक चालतो. पुढे रबर थकते, आणि मग एखादे अक्षर गिळले जाते.

दुसरी जात मेकॅनिकल कळफलकाची. यात प्रत्येक बटणाखाली आपला आपला स्वतंत्र स्विच असतो : एक छोटी डबी, तीत वर-खाली होणारा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणलेल्या स्विचांची ठेवण आज बहुतेक कारखाने गिरवतात. त्यांत बटण एकंदर ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर सुमारे २ मिलिमीटरवरच, म्हणजे अर्ध्या वाटेवर उमटते. तळाला आदळण्याची गरजच नाही. बोटाला हे एकदा उमगले की हात हलका पडू लागतो. उमगण्यास मात्र काही दिवस लागतात. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांना तर अधिकच. कारण तिथे जोर लावल्याशिवाय अक्षर कागदावर उठतच नसे. मी स्वतः तसल्याच यंत्रावर शिकलो, आणि अजूनही रागात असलो की ठोकतो.

या स्विचांची नावे रंगांवरून पडली आहेत. निळा दाबला की मध्येच एक अडथळा लागतो आणि ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. तपकिरी स्विचात अडथळा बोटाला कळतो, पण टक् होत नाही. लाल सरळ खाली जातो; ना अडथळा, ना टक्. चेरीच्या आकड्यांप्रमाणे लाल स्विचाला अक्षर उमटण्यापुरते सुमारे ४५ ग्रॅम वजन लागते, तपकिरीला ५५ आणि निळ्याला ६०. इतर कारखान्यांनी रंग तेच ठेवले असले, तरी वजन तेच ठेवले असेल असे नाही.

हे वजन तपासण्याची एक सोपी युक्ती आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गातही करून दाखवावी अशी आहे. दहा रुपयांचे नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅमचे असते. बटणावर एकावर एक नाणी हळूच ठेवीत जा आणि पडद्याकडे लक्ष ठेवा. सहाव्या नाण्याच्या आसपास अक्षर उमटले तर स्विच हलका. आठ नाणी लागली तर भारी. लाल स्विचावर बटण नाण्यागणिक थोडे थोडे खचताना दिसते. निळ्यावर ते अडून राहते आणि मग एकदम बसते. स्पर्शाचा फरक नुसता सांगून मुलांना पटत नाही. तो असा डोळ्यांनी दिसतो.

आता आवाजाविषयी, आणि इथे मला माझीच चूक सांगावयाची आहे. माझी एक विद्यार्थिनी कारकुनाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाचा, मिनिटाला ३० शब्दांचा, सराव करीत होती. दिवसा कॉलेज आणि घरचे काम, त्यामुळे सराव रात्रीचा. तिने विचारले, “सर, कोणता घेऊ?” मी विचार न करता निळ्या स्विचांचा सांगितला, कारण मला स्वतःला तो टक् आवडतो, अक्षर उमटल्याची पावती मिळते. घर दोन खोल्यांचे, शेजारच्या खोलीत आजारी आजी. पंधरा दिवसांनी मुलगी भेटली ती खाली मान घालून. रात्री आजीची झोप मोडते म्हणून सराव बंद होता, आणि पैसे तर खर्च झालेले. तिच्या वडिलांचे ते किती दिवसांचे श्रम होते हे मी जाणून होतो. शेवटी तिचा कळफलक मी ठेवून घेतला आणि माझा लाल स्विचांचा तिला दिला. पण परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवस गेले, ते काही भरून देता आले नाहीत. तेव्हापासून कोणी सल्ला विचारला की मी आधी विचारतो : घरात झोपते कोण, आणि तुम्ही बसता केव्हा?

लाल किंवा तपकिरी म्हणजे अगदी मुका असेही समजू नका. टक् नसला तरी बटण तळाला आदळल्याचा ‘ठप्’ असतोच. पोकळ पेटीसारखा सांगाडा आणि पत्र्याचे टेबल असले तर तो ठप् दुणावतो. खाली जुन्या सतरंजीची घडी घातली तर पुष्कळ फरक पडतो, आणि खर्च काहीच नाही. हे कळफलक उंचीने जास्त असतात, म्हणून मागचे पाय मुडपूनच ठेवावेत; नाहीतर मनगट वर वळून अवघडते. मनगट आधीच दुखत असेल तर मात्र नवा कळफलक हे औषध नव्हे, डॉक्टरांना दाखवावे.

मराठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी, जी इंग्रजी लिहिणाऱ्याला तितकी जाणवत नाही. इनस्क्रिप्ट ठेवणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतेक उजव्या हाताकडे असतात. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर. महाप्राण हवा तर शिफ्ट दाबावयाचे. अक्षराचा पाय मोडण्याची खूण इंग्रजी डी च्या जागी. आता ‘मुख्याध्यापक’ हा शब्द घ्या. ख साठी शिफ्ट, ध साठी पुन्हा शिफ्ट, आणि दोन जोडाक्षरांसाठी दोनदा डी. ‘शाळा’ एवढ्या लहान शब्दालासुद्धा श आणि ळ साठी दोन वेळा शिफ्ट लागते. म्हणजे आपला सगळा भार डाव्या करंगळीवर आणि डाव्या शिफ्टवर. ही लांब बटणे तारेच्या आधारावर तोललेली असतात. तार कोरडी असली तर खडखडते, आणि बटण एका कडेला दाबले तर तिरके होऊन अडकते. म्हणून दुकानात डावे शिफ्ट आणि स्पेसचे लांब बटण मध्यावर नव्हे, दोन्ही टोकांना दाबून पाहावे.

राहिली किंमत. साधा कळफलक पाचशेच्या आत मिळतो; मेकॅनिकलला दीड-दोन हजार आणि त्यापुढे मोजावे लागतात. हा फरक लहान नाही. आठवड्यातून एखादा अर्ज लिहिणाऱ्याने खुशाल साधा घ्यावा, उगाच ऋण काढून सण करू नये. पण रोज तासन्‌तास काम असेल तर हिशेब बदलतो. साध्यातली रबरी चादर गेली की बहुधा अख्खा कळफलक भंगारात जातो. मेकॅनिकलचा एखादा स्विच गेला तर तेवढाच बदलता येतो. काहींत तो चिमट्याने उपटून नवा खोचता येतो. इतरांत डाग द्यावा लागतो, आणि ते काम तालुक्याचा टीव्ही दुरुस्त करणारा सहज करील. चेरीच्या स्विचासाठी पाच कोटी वेळा दाबण्याची हमी सांगितली जाई. आपल्या बोटांनी तेवढे दाबून होईल असे मला वाटत नाही; त्याआधी चहा सांडेल.

फसवणूकही चालते. ‘मेकॅनिकल फील’ असे खोक्यावर लिहून, आत रंगीबेरंगी दिवे लावून रबरी चादरीचाच कळफलक विकला जातो. एक टोपी उपटून पाहण्याची परवानगी मागा. खाली चौकोनी डबी आणि तीत दांडा दिसला, बहुधा अधिक चिन्हाच्या आकाराचा, तर माल खरा. नुसती रबरी वाटी दिसली तर परत ठेवा. दिव्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. त्याऐवजी अक्षरे कशी आहेत ते पाहावे. वरून छापलेली अक्षरे घामाने पुसतात, दोन रंगांचे प्लॅस्टिक एकात एक ओतून केलेली पुसत नाहीत. देवनागरीसाठी मिळणाऱ्या चिकटपट्ट्यांच्या कडा उन्हाळ्यात सुटू लागतात, आणि तोवर बोटांना जागा पाठ व्हाव्यात हे बरे.

दुकानदार घाई करील. आपण खुर्ची मागून घ्यावी, कळफलक संगणकाला जोडावयास सांगावा, आणि ‘मुख्याध्यापक’ हा शब्द दहा वेळा लिहून काढावा. एकदा डोळे मिटून, एकदा कान देऊन. दहाव्या वेळेपर्यंत डावी करंगळी कुरकुरली नाही, तर किमतीचे बोलणे सुरू करण्यास हरकत नाही.