भट्टीतला कोळसा, दगडातला वायू

भारतात १९९६ मध्ये एक टन सिमेंटमागे १.१२ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. २०१० मध्ये तो ०.७२ टनांवर आणि २०१७ मध्ये ०.६७ टनांवर आला. हे आकडे उद्योगानेच ठेवलेल्या हिशेबातले आहेत. एकवीस वर्षांत चाळीस टक्के घट म्हणजे मोठीच मजल. ती कशी मारली गेली हे नीट पाहायला हवं, कारण पुढची वाट वेगळी आहे आणि जुनी युक्ती तिथे फारशी चालणार नाही.

गोष्ट पाण्यापासून सुरू होते. १९६०च्या दशकात देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक क्षमता ओल्या पद्धतीची होती. चुनखडी आणि माती पाण्यात दळायची आणि ती स्लरी भट्टीत सोडायची. दळण एकजीव व्हायचं, पण स्लरीत तिसरा हिस्सा पाणीच असायचं. ते उकळून वाफ करून घालवण्यात कोळसा जळे आणि मग कुठे दगड तापायला लागे. भट्टीतून निघणाऱ्या आणि दळल्यावर सिमेंट होणाऱ्या खड्यांना क्लिंकर म्हणतात; त्याच्या एका किलोला तेराशे किलोकॅलरींच्या वर उष्णता लागायची. रसायनशास्त्राच्या हिशेबाने प्रत्यक्ष गरज आहे साधारण चारशे वीसची. बाकी सगळी वाफेतून, धुरातून आणि भट्टीच्या तापलेल्या पत्र्यातून निघून जाई.

कोरडी पद्धत तेव्हाही माहीत होती. सायक्लोनचा उंच मनोरा बांधायचा, भट्टीतून निघणारा तप्त वायू त्यातून वर न्यायचा आणि कोरडी पूड वरून खाली सोडायची. भट्टीत पोचेपर्यंत पूड आठशे अंशांच्या आसपास तापलेली असते. मग आपण एवढी वर्षं थांबलो का? सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, भाव ठरलेला होता आणि नवा मनोरा उभारण्याइतका पैसा त्यातून उरत नसे. घर बांधणाऱ्याला परमिटसाठी खेटे घालावे लागत. सिमेंट वाटपाच्या वादातच जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियंत्रण अंशतः उठवलं आणि १९८९ मध्ये ते पूर्ण गेलं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवाळपूरचे मनोरे त्याच दशकात उभे राहिले. कार्बनचं नावही कोणी घेत नव्हतं. कोळशाचं बिल कमी करायचं होतं. आज देशात जवळपास सगळी क्षमता कोरड्या पद्धतीची आहे आणि उष्णतेचा सरासरी वापर किलोमागे सव्वासातशे किलोकॅलरींच्या आसपास आला आहे.

विजेचंही तसंच झालं. गोळ्यांच्या गिरण्यांच्या जागी उभ्या रोलर मिल आल्या आणि पंख्यांना वेग बदलणारे ड्राइव्ह बसले. भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करणारे संच २००४ नंतर हळूहळू पसरले. यात एकेक सुधारणा लहानच होती. त्या मोजत राहण्याची शिस्त मला अधिक मोलाची वाटते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यातून पुढे २०१२ मध्ये ‘पॅट’ ही योजना आली. आठ उद्योगांतल्या ४७८ मोठ्या ग्राहकांना प्रत्येकी वेगळं लक्ष्य दिलं गेलं. कारखान्याच्या फाटकातून आत किती ऊर्जा आली आणि बाहेर किती माल गेला, एवढा हिशेब. लक्ष्याच्या पुढे गेलात तर प्रमाणपत्रं मिळणार आणि मागे राहिलात तर ती विकत घ्यावी लागणार. पहिल्या फेरीत सिमेंटचे ८५ कारखाने होते. त्यांना मिळून ८ लाख १५ हजार टन खनिज तेलाइतकी ऊर्जा वाचवायची होती. त्यांनी जवळपास १४ लाख ८० हजार टनांइतकी वाचवली.

या यशाचं कौतुक करताना एक गोष्ट दडवू नये: लक्ष्यं सोपी होती. २०१७ मध्ये प्रमाणपत्रांचा बाजार उघडला तेव्हा विकणारे उदंड होते आणि भाव लवकरच कोसळला. ज्याने खरोखर जास्त पैसा घालून सुधारणा केली, त्याच्या हाती फारसं काही पडलं नाही. तरीही मी ‘पॅट’ला कमी लेखणार नाही. ज्या कारखान्यांत ऊर्जेचं ऑडिट म्हणजे वर्षाकाठचा एक कागद होता, तिथे रोजच्या रोज टनामागचा हिशेब मागितला जाऊ लागला.

सर्वांत मोठा हात मात्र राखेने दिला. क्लिंकर कमी वापरलं की त्यामागचा सगळा कार्बन आपोआप वाचतो. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राभोवती राहणाऱ्यांना ती काय असते हे सांगायची गरज नाही. ती बारीक राख क्लिंकरबरोबर ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते आणि पोलादाच्या भट्ट्यांचा स्लॅग तर ७० टक्क्यांपर्यंत. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटचं मानक १९६० च्या दशकातलं आहे, तरी ते रुळायला चाळीस वर्षं लागली. ‘राखेचं सिमेंट’ म्हणून गवंडी नाक मुरडत आणि अभियंते स्लॅबसाठी त्रेपन्न ग्रेडचं साधं सिमेंटच मागत. अविश्वासाला थोडा आधार होता: हे सिमेंट सावकाश ताकद धरतं, त्याला पाणीही जास्त दिवस मारावं लागतं. पण सळी गंजण्यापासून ते अधिक चांगलं वाचवतं, हे सांगायला कोणी पुढे येत नव्हतं. १९९९ मध्ये राखेच्या वापराबद्दल केंद्राची अधिसूचना निघाली, सरकारी कामांत मिश्र सिमेंटला हळूहळू मुभा मिळाली आणि चित्र पालटलं. आज विकल्या जाणाऱ्या सिमेंटपैकी दोन तृतीयांशांहून अधिक मिश्र सिमेंट असतं.

आता खरी अडचण. चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. एक टन क्लिंकरमागे सुमारे ०.५३ टन वायू दगडाचा असतो. भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो निघणारच. क्लिंकरच्या एकूण उत्सर्जनात हा वाटा निम्म्याहून मोठा. ‘पॅट’ने फक्त ऊर्जा मोजली, त्यामुळे दगडातला वायू त्या वह्यांत आलाच नाही. २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत तो धरला आहे आणि सिमेंटसह चार उद्योगांची लक्ष्यं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला हाच सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. लक्ष्यं पुन्हा सोपी ठेवली तर मात्र तोही वाया जाईल.

राखेवर विसंबूनही चालणार नाही. कोळशाची वीज कमी झाली तर राख कमी होणार आणि पोलाद हायड्रोजनवर गेलं तर स्लॅगही. म्हणून भाजलेल्या मातीच्या सिमेंटकडे लक्ष द्यायला हवं. त्यात निम्मं क्लिंकर, सुमारे तीस टक्के भाजलेली केओलिनयुक्त माती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि उरलेलं जिप्सम. माती साधारण आठशे अंशांवर भाजते. क्लिंकरला साडेचौदाशे लागतात. साध्या सिमेंटच्या तुलनेत कार्बन चाळीस टक्क्यांपर्यंत घटू शकतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं तंत्रविद्यापीठ, क्युबातले संशोधक आणि दिल्ली व मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून हे काम तडीस नेलं. भारतीय मानकही २०२३ मध्ये निघालं.

टनामागचा आकडा घटत असताना टनच किती वाढले, तेही पाहू. १९५०-५१ मध्ये देशाचं उत्पादन सत्तावीस लाख टन होतं. आता ते वर्षाला चाळीस कोटी टनांच्या पुढे आहे. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, काँक्रीटचा. शहरांतले रस्तेही डांबरावरून काँक्रीटवर चालले आहेत. त्यामुळे एकूण उत्सर्जन वाढतच राहिलं आणि कारखान्याच्या आत केलेली चाळीस टक्क्यांची मेहनत त्यात बुडाली. गेल्या साठ वर्षांत भट्टी कशी चालवायची यावर भरपूर डोकं चाललं. किती काँक्रीट ओतायचं आणि कोणतं, हे ठरवणाऱ्या निविदांकडे कोणी त्या नजरेने पाहिलं नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत घनमीटरच्या दराशेजारी त्या काँक्रीटचा कार्बनही छापला पाहिजे. कारखान्यांकडे हा आकडा आता तयार आहे. तो मागणारा ग्राहक सरकारच असू शकतं, कारण मोठे रस्ते आणि पूल तेच बांधतं.