रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचणारा पोलीस : हृदय बंद पडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटांचे गणित

हृदयक्रिया अकस्मात बंद पडलेल्या व्यक्तीला वाचविण्यासाठी हाताशी मोजकीच मिनिटे असतात. रुग्णवाहिका येईपर्यंत ती अनेकदा संपून जातात. गस्तीवरील पोलिसांची गाडी मात्र बहुतेक वेळा रस्त्यावरच असते. या साध्या निरीक्षणातून अमेरिकेतील काही शहरांनी १९९०च्या दशकात पोलिसांच्या गाड्यांमध्ये ‘ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर’ म्हणजेच एईडी हे यंत्र ठेवण्यास सुरुवात केली. त्यातून काही ठिकाणी प्राण वाचण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले, तर काही ठिकाणी यंत्र असूनही फरक पडला नाही. या दोन अनुभवांमधील अंतर समजून घेणे भारतासाठीही उपयुक्त आहे.

झटका आणि हृदय बंद पडणे यांतील फरक

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. झटक्यामध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. रुग्णाच्या छातीत दुखते, घाम येतो. पण तो बहुधा शुद्धीवर असतो आणि त्याची नाडी चालू असते. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मेंदूला होणारा रक्तपुरवठा थांबतो, व्यक्ती काही सेकंदांत कोसळते आणि प्रतिसाद देत नाही. झटक्याचे पर्यवसान हृदय बंद पडण्यात होऊ शकते. मात्र त्याची इतर कारणेही असतात.

अशा अनेक घटनांत सुरुवातीला हृदय पूर्णपणे निश्चल झालेले नसते. त्यातील विद्युत्संकेत विस्कळीत झाल्याने खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. वैद्यकीय परिभाषेत याला ‘व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन’ म्हणतात. नियंत्रित विजेचा धक्का ही विस्कळीत हालचाल क्षणभर थांबवितो आणि हृदयाला स्वतःची लय पुन्हा पकडण्याची संधी देतो. बंद पडलेले हृदय धक्क्याने ‘सुरू’ होते, हा समज बरोबर नाही. थरथर पूर्णपणे थांबून हृदय निश्चल झाले असेल, तर धक्का निरुपयोगी ठरतो. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, असे मानले जाते.

यंत्र निर्णय घेते, माणूस सूचना पाळतो

एईडी चालविण्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. यंत्र सुरू केल्यावर ते आवाजी सूचना देते. दोन चिकट पॅडपैकी एक छातीच्या वरच्या उजव्या भागावर आणि दुसरा डाव्या काखेच्या खाली लावला जातो. यंत्र हृदयाची लय तपासते आणि धक्क्याने सुधारू शकेल अशी लय आढळली, तरच धक्का देण्यास सांगते किंवा तो स्वतः देते. त्यामुळे गरज नसताना धक्का बसण्याची भीती जवळपास उरत नाही.

प्रशिक्षण लागते ते इतर गोष्टींसाठी. कोसळलेली व्यक्ती अधूनमधून आचके देत असेल, तर ते श्वसन नव्हे हे ओळखावे लागते. छाती ओली असल्यास पुसावी लागते. लय तपासताना आणि धक्का देताना रुग्णाला कोणाचाही स्पर्श होऊ द्यायचा नसतो. धक्क्यानंतर लगेच छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देणे, म्हणजे सीपीआर, पुन्हा सुरू करावे लागते. हे दाब मेंदूपर्यंत थोडे रक्त पोहोचवीत राहतात. एईडी हा सीपीआरला पर्याय नाही.

रॉचेस्टर आणि मायामी

पोलिसांच्या हाती हे यंत्र देण्याचा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर शहरात १९९० मध्ये सुरू झाला. मेयो क्लिनिकचे भूलतज्ज्ञ डॉ. रॉजर व्हाइट यांचा त्यात पुढाकार होता. आपत्कालीन दूरध्वनी येताच पोलीस आणि रुग्णवाहिका दोघांनाही एकाच वेळी कळवायचे आणि जो आधी पोहोचेल त्याने धक्का द्यायचा, अशी ही रचना होती.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनच्या ८४ रुग्णांची नोंद होती. त्यांपैकी ३१ जणांना पहिला धक्का पोलिसांनी दिला आणि त्यांतील १८ जण वाचून रुग्णालयातून घरी गेले. रुग्णवाहिकेच्या पथकाने प्रथम धक्का दिलेल्या ५३ जणांपैकी २३ जण वाचले. ज्या २८ जणांचे रक्ताभिसरण केवळ धक्क्याने, औषधांविना पूर्ववत झाले, त्यांपैकी २७ जण बचावले.

फ्लोरिडातील मायामी-डेड परगण्यात १९९९ पासून हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि सुमारे १,९०० पोलिसांना प्रशिक्षण देण्यात आले. २००२ मधील अहवालानुसार निम्म्याहून अधिक घटनांत पोलीस आधी पोहोचले आणि पहिली मदत पोहोचण्याचा सरासरी वेळ ७.६४ मिनिटांवरून ४.८८ मिनिटांवर आला. धक्क्याने सुधारू शकणारी लय असलेल्या रुग्णांत वाचण्याचे प्रमाण ९ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर गेले. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार केला, तर मात्र हे प्रमाण ६ वरून ७.६ टक्के इतकेच झाले. कारण अशी लय असलेले रुग्ण एकूण रुग्णांच्या सुमारे ४० टक्केच होते. एईडीची मर्यादा या आकड्यांतून स्पष्ट होते.

यंत्र होते, फायदा झाला नाही

इंडियाना राज्यातील उपनगरी आणि ग्रामीण भागांत पोलिसांना एईडी देऊनही वाचणाऱ्यांच्या प्रमाणात सुधारणा दिसली नाही, असा निष्कर्ष २००१ मधील अभ्यासात निघाला. तेथे हृदयक्रिया बंद पडल्याच्या फारच थोड्या घटनांत पोलीस प्रत्यक्ष मदतीला गेले. यंत्रे गाड्यांमध्ये होती. पण ती रुग्णापर्यंत गेलीच नाहीत. यंत्रखरेदी ही या योजनेची केवळ सुरुवात असते. संदेश कोणाला, किती लवकर जातो आणि अशा ठिकाणी धावून जाणे हे आपले काम आहे असे पोलिसांना वाटते का, यावर उरलेले सारे ठरते.

भारतासमोरील प्रश्न

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ६ डिसेंबर २०२३ रोजी सीपीआरविषयी देशव्यापी जनजागृती मोहीम राबविली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक रुळला आहे, तर ११२ हा देशभरासाठी एकच आपत्कालीन क्रमांक आहे. रॉचेस्टरच्या अनुभवाच्या कसोटीवर पाहिल्यास, कोसळलेल्या व्यक्तीविषयीचा दूरध्वनी कोणत्याही क्रमांकावर आला, तरी जवळच्या पोलीस गाडीला तो त्याच क्षणी कळायला हवा. महानगरांतील कोंडीत दुचाकीवरील पोलिसाचा विचारही यासाठी होऊ शकतो.

देखभालीचा प्रश्नही तितकाच व्यावहारिक आहे. यंत्राच्या बॅटरीला आणि पॅडना मुदत असते. ती तपासण्याची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर असावी लागते. अशी यंत्रे साधारणपणे ५० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेली असतात, तर उन्हाळ्यात विदर्भात किंवा राजस्थानात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान याहून अधिक होऊ शकते. त्यामुळे यंत्र गाडीत कोठे ठेवायचे आणि पाळी संपल्यावर ते कोणाच्या ताब्यात द्यायचे, याचे नियम आधीच ठरवावे लागतील.

पोलिसांकडे यंत्र असो वा नसो, पहिली कृती घटनास्थळी असलेल्या माणसाचीच असते. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालू नाही असे दिसताच आपत्कालीन क्रमांकावर कळविणे आणि मदत येईपर्यंत छातीवर दाब देत राहणे आवश्यक असते. वेळेवर आलेल्या यंत्राचा उपयोग होईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या मिनिटांतच ठरते.