नव्वदच्या वेगातली नागमोड

कोल्हापूरहून निघालं, शिरोली मागे पडली, किणीचा टोलनाका ओलांडला, की पेठनाक्यापर्यंत काटा नव्वदवर कधी जातो ते कळतही नाही. मागच्या कॅरिअरवर पुण्यातल्या लेकासाठी भरलेली बॅग बंजीनं आवळलेली. तिच्यात काकवी, कांदा-लसूण चटणी, थोडे तांदूळ. हॅण्डलवर वारा अडवायला नवी कोरी काच. एका कंटेनरला मागे टाकून गाडी मोकळ्यावर येते आणि तिचं बूड हळूच डावीकडं सरकतं, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. हॅण्डल तर आपण सरळच धरलेलं असतं.

गाडी लहरायला लागली, असं आपण म्हणतो. अभियंते याला ‘वीव्ह’ म्हणतात. यात सगळी गाडी सेकंदाला साधारण दोन ते चार हेलकावे खाते. नव्वदच्या वेगानं गाडी सेकंदाला 25 मीटर कापते, म्हणजे सेकंदाला अडीच हेलकावे धरले तर एकेक हेलकावा 10 मीटर लांब झाला. मागून रंग सांडत गेला असता, तर राष्ट्रीय महामार्ग 48 वर दहा-दहा मीटरची सुबक नागमोड उमटली असती.

ही नागमोड येते कुठून हा प्रश्न बाजूला ठेवा. ती एरवी का येत नाही, हे मला जास्त नवलाचं वाटतं. दोन चाकांवरची वस्तू पडायला हवी. उभी केलेली गाडी स्टँड काढला की पडतेच. पण धावणारी गाडी डावीकडं कलली, की तिचं पुढचं चाक आपणहून डावीकडं वळतं आणि कललेल्या वजनाखाली जाऊन उभं राहतं. हे सेकंदाला अनेकदा चालू असतं आणि चालवणाऱ्याच्या गावीही नसतं. हे ‘आपणहून’ गणितात बसवलं ते फ्रान्सिस व्हिपल या केंब्रिजच्या विद्यार्थ्यानं, 1899 साली, सायकलीसाठी. पुढं शंभरेक वर्षं पाठ्यपुस्तकं सांगत राहिली की ही सगळी कमाल फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणाची, किंवा पुढचं चाक हॅण्डलच्या आसामागं जमिनीला टेकतं त्या अंतराची, म्हणजे ‘ट्रेल’ची. 2011 मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे दोन्ही काढून टाकलेली एक विचित्र सायकल बनवली आणि ढकलून दिली. तीही स्वतःला सावरत गेली! वजन कुठं आणि कसं वाटलं आहे, यावरही सावरणं अवलंबून असतं, हे त्या सायकलीनं दाखवलं.

इथंच आपल्या बॅगेचा संबंध येतो.

मोटारसायकलीचं गणित 1971 मध्ये रॉबिन शार्प या इंग्रज अभियंत्यानं मांडलं. टायर बाजूला किती घसटतो, तेही त्यानं हिशेबात धरलं. त्यातून दोन वेगळ्या खोडी दिसल्या. एक ‘वॉबल’: फक्त पुढचं चाक आणि हॅण्डल फडफडतं, सेकंदाला सहा ते दहा वेळा. दुसरी वीव्ह, तिच्यात गाडी अंगानिशी हलते. मध्यम वेगात वीव्ह उठली तरी लगेच विरते. वेग वाढत जातो तसं चाकाच्या तेवढ्याच वळणानं गाडी जास्त बाजूला जाते, दुरुस्ती गरजेपेक्षा मोठी होते आणि मग तिचीही दुरुस्ती करावी लागते. विरायला वेळ लागू लागतो. एका वेगापलीकडं ती विरतच नाही, वाढते. आपल्या रोजच्या गाड्यांचा तो वेग त्यांच्या आवाक्याबाहेर असतो. मागं चुकीचं ओझं लादलं, की तो खाली उतरतो.

चुकीचं म्हणजे जड असं नव्हे, लांब. तालमीतली गदा डोक्याजवळ धरून फिरवा, मनगट सहज वळतं. तीच दांड्याच्या टोकाला धरून फिरवा, फिरायला वेळ लागतो आणि फिरली की थांबवताना हात जातो. गदेचं वजन तेच, फक्त लांब गेलं. फिरण्याला होणारा हा विरोध अंतराच्या वर्गानं वाढतो. गाडी आणि स्वार यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यापासून टाकीवरची बॅग वीसेक सेंटिमीटरवर येते, कॅरिअरवरची जवळजवळ एक मीटरवर. अंतर पाचपट, फरक पंचवीसपट. तेच 15 किलो, तीच काकवी.

शिवाय कॅरिअरवरचं ओझं मागच्या आसाच्याही मागं लोंबत असतं. ते तीस सेंटिमीटर मागं असलं आणि दोन चाकांत 135 सेंटिमीटर अंतर असलं, तर 15 किलोची बॅग पुढच्या चाकावरचा सव्वातीन किलो भार उचलते. हे किरकोळ वाटेल, पण सावरण्याचं सगळं काम पुढच्या चाकाकडं आहे. मोठ्या टुअरिंग गाड्यांच्या पुस्तिकांत मागच्या पेटीसाठी जेमतेम काही किलोंची मर्यादा आणि कमी वेगाची सूचना असते, ती यामुळं. मोठी पेटी विकत घेतली की ती भरावीशी वाटते, हा भाग वेगळा.

ओझं कसं लादावं हे बघायचं तर पहाटे कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडं जाणारा गवळी बघावा. हा गोकुळ दूध संघाचा जिल्हा. 1963 पासून संघ आहे आणि मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांना लटकलेले कॅन इथल्या प्रत्येक रस्त्यावर दिसतात. चाळीस लिटरचा भरलेला कॅन, दुधाचेच 41 किलो. पण तो मागच्या आसाशी येतो, त्याच्या मागं नाही, आणि सीटच्या खाली राहतो. पुढचं चाक हलकं होत नाही, आणि किलोमागं वळणाला होणारा विरोध कॅरिअरवरच्या बॅगेच्या निम्म्याहूनही कमी. एका बाजूचं दूध आधी वाटलं गेलं, दहा किलोंचा फरक पडला, तर गाडी सव्वा अंशाच्या आसपास कलती ठेवली की काम झालं. ते त्याची कंबरच करून टाकते. अर्थात तो नव्वदनं जात नाही. अर्ध्या कॅनात हिंदकळणारं दूध हा आणखी एक हेलकावा असतो, आणि महामार्गाच्या वेगाला त्याची परीक्षा कुणी घेऊ नये.

आता काच. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. सरळ बसलेल्या स्वारासह साध्या गाडीला ताशी 50 किलोमीटरला हवा सुमारे सात किलोनं मागं रेटते, 100 ला अठ्ठावीस किलोनं. हा रेटा जमिनीपासून बराच वर, छाती-हॅण्डलच्या उंचीला लागतो, म्हणून तो गाडीचं नाक उचलू बघतो. शंभरच्या वेगाला पुढच्या चाकावरचे 15 किलो तरी असे कमी होतात. वर बॅगेचे सव्वातीन. पुढचं चाक हवेवर चालल्यासारखं वाटतं, ते उगाच नाही.

काच छातीवरचा मारा घेते. एरवी आपण वाऱ्याशी झुंजत हॅण्डलला लोंबकळतो आणि आपली प्रत्येक ओढ चाकापर्यंत पोहोचते. काचेमुळं हात सैल पडतात. हा फायदा खरा आहे. पण काच कशावर बसवली, यावर पुढचं सगळं ठरतं. सांगाड्याला जोडलेली काच वाऱ्याचा धक्का सगळ्या गाडीला देते. हॅण्डलला जोडलेली काच तो थेट चाकाला देते, आणि हॅण्डलसोबत फिरणारं वजनही वाढवते. म्हणजे सावरणाऱ्या हातालाच वाऱ्यानं पकडलं.

आणि आपल्याकडं वारा आडवाच येतो. कोल्हापूर, कराड, सातारा नकाशावर जवळपास एका उभ्या रेषेत आहेत आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. गाडी नव्वदवर आणि वारा बाजूनं चाळीसचा असेल, तर काचेला तो समोरून न लागता 24 अंश तिरका लागतो. अशा वेळी गाडी वाऱ्याकडं झुकून सरळ जाते, जे बघायला फार मजेचं असतं. मग कडेला पुरुषभर उंचीचा ऊस आला की वारा गायब, फड संपला की पुन्हा थप्पड. ट्रकच्या आडोशालाही तेच. पहिला हेलकावा बहुतेकदा अशाच थपडेनं सुरू होतो. तेव्हा करकचून ब्रेक मारायचा नाही आणि हॅण्डल आवळायचं नाही. अंग टाकीवर झुकवून पुढच्या चाकाला वजन द्यायचं आणि थ्रॉटल हळूहळू सोडायचा.

थप्पड डावीकडून आली तर डावं हॅण्डल किंचित पुढं ढकलायचं. चाक क्षणभर उजवीकडं वळतं आणि गाडी डावीकडं, वाऱ्याच्या अंगावर, कलते. हे सगळे स्वार करतात आणि जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. विमानाआधी सायकली विकणाऱ्या विल्बर राइटनं ओळखीच्या सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं की डावीकडं वळताना तुम्ही आधी काय करता. हॅण्डल आधी उजवीकडं जातं, हे त्यांना सांगता आलं नव्हतं. पुण्याकडं जाताना हे काम डाव्या हाताकडं असतं, परतताना उजव्या.