कानशिलावरची सोनोग्राफी आणि पार्किन्सन्सचं निदान

लिंबायत, उधना, दिंडोली या सुरतेच्या भागांतल्या मराठी घरांत सोनोग्राफी म्हटलं की पोट नाहीतर गरोदरपण आठवतं. पार्किन्सन्ससाठी डोक्याची सोनोग्राफी करतात हे ऐकून कुणीही विचारेल, कवटीतून आतलं दिसणार कसं? शंका रास्त आहे. पण कानाच्या पुढचं, कानशिलाचं हाड पातळ असतं. तिथं प्रोब टेकवला की मध्यमेंदू दिसू शकतो. जर्मनीतल्या गेओर्ग बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं, की पार्किन्सन्सच्या रुग्णांत तिथला 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' हा भाग जास्त उजळ दिसतो. तिथल्या वाढलेल्या लोहाशी याचा संबंध जोडला जातो.

मग उजळ ठिपका म्हणजे पार्किन्सन्स पक्का? नाही. सुमारे ९० टक्के रुग्णांत तो दिसतो, तसा जवळपास १० टक्के निरोगी माणसांतही दिसतो. काहींचं, विशेषतः वयस्कर बायकांचं, हाड असं असतं की आतलं काहीच दिसत नाही. ठिपका मोठा म्हणजे आजार बळावला, हेही खोटं. आजार वाढला तरी तो बहुधा तेवढाच राहतो, म्हणून औषध लागू पडतंय का हे बघायला ही तपासणी पुन्हापुन्हा करू नये.

हिचा खरा उपयोग दोन आजारांत गल्लत होते तेव्हा. चक्कर, उलटी, ॲसिडिटीसाठी फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड, लिव्होसल्पिराइड ही औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात, आणि त्यांनीही हालचाली मंदावतात, हात थरथरतो. अशा रुग्णांत हा ठिपका बहुधा नसतो. औषध बंद केल्यावर त्रास बऱ्याचदा ओसरतो. उगाच पार्किन्सन्सच्या गोळ्या मागे लागत नाहीत.

'एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे पार्किन्सन्स नाही' हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. या आजारात साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. निदान होतं ते न्यूरोलॉजिस्टच्या तपासणीतून: हालचाली मंदावणं, आणि त्यासोबत ताठरपणा किंवा स्वस्थ बसल्यावर येणारा कंप. कंप नसलेलाही पार्किन्सन्स असतो. सोनोग्राफी या तपासणीला जोड देते, तिची जागा घेत नाही.

घरात कुणाची चाल मंदावली असेल, तर रिपोर्टांच्या फाइलबरोबर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही डॉक्टरांकडे न्या. मात्र त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.