परक्या घरी राहून शिकलेली परिचारिका

अमेरिकेतील इस्पितळांत रुग्णाच्या उशाशी बर्फाच्या पाण्याचे भांडे ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडची सासू ते बाळंतिणीजवळ पाहील तर उचलून बाहेर नेऊन ठेवील. ग्वाटेमालातून तेथे गेलेल्या माया कुटुंबातील सासूही तेच करील. बाळंतपणात अंगातली ऊब जाते, थंड चालत नाही, असे तेही लोक मानतात. त्यांची सुईण बाळंतिणीला वाफेच्या न्हाणीत बसविते. आपल्या शेक-शेगडीची ती बहीणच म्हणा. हे ठाऊक नसलेली परिचारिका मात्र कागदावर ‘रुग्ण पाणी पीत नाही’ असे लिहून पुढे जाते. कोमट पाणी विचारले असते तर काम झाले असते.

म्हणून तिकडची अनेक नर्सिंग कॉलेजे विद्यार्थिनींना काही आठवडे परदेशी शिकण्यास पाठवितात. या विचाराचा पाया मॅडेलिन लायनिंगर (१९२५–२०१२) यांनी घातला. त्या मूळच्या नेब्रास्का राज्यातल्या. १९५० च्या दशकात मनोरुग्ण मुलांची सेवा करताना, निरनिराळ्या समाजांतील मुलांना एकच तऱ्हेची शुश्रूषा मानवत नाही, असे त्यांना दिसले. तेव्हा परिचारिका असूनही त्या मानववंशशास्त्र शिकल्या आणि १९६० च्या दशकारंभी न्यू गिनीच्या डोंगरात गाडसुप लोकांमध्ये जाऊन राहिल्या.

रुग्णाच्या चालीरीतींबाबत त्यांनी तीन वाटा सांगितल्या. जी रीत हिताची ती जपावी, उदाहरणार्थ बाळंतिणीची ऊब. काही ठिकाणी जुळवून घ्यावे: मधुमेह असलेला मुसलमान रुग्ण रमजानचे रोजे धरणार असेल, तर आधीच डॉक्टरांना विचारून औषधाच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात. घातक असेल ते मात्र बदलावेच. बाळाच्या नाळेला शेण लावण्याने धनुर्वात होऊन किती अर्भके गेली, हे आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्यांना सांगायला नको. तेथेही आईला दटावून भागत नाही. स्वच्छ, कोरडी नाळ आपोआप गळते, हे तिला दाखवावे लागते.

नुसत्या प्रवासाने हे अंगी येत नाही. आठ दिवसांत फोटो काढून परतणारी मुलगी सहल करून आली, एवढेच. निघण्यापूर्वी थोडी भाषा शिकणे, तेथल्या घरात राहून त्यांचे जेवणे, स्थानिक परिचारिकेच्या हाताखाली काम, रोजची टिपणवही आणि परतल्यावर शिक्षिकेबरोबर तिचा विचार, एवढे हवे. गरिबाच्या दंडावर इंजेक्शनाचा हात बसविणे हे तर शिक्षणच नव्हे. जे काम मायदेशी करण्याची परवानगी नाही, ते परदेशीही करू नये.

माझ्या मते मोठा लाभ निराळाच आहे. परक्या गावी भाषा न कळता तीही लाजेने ‘हो, हो’ म्हणून मान डोलावते. पुढे वॉर्डात एखादा शेतकरी तशीच मान डोलावतो, तेव्हा तिला शंका येते. ती गोळ्या त्याच्या हाती देते आणि म्हणते, “बाबा, यातली कोणती केव्हा घेणार, तुम्हीच मला सांगा.”