बंब ते बॉयलर : जलपातळीची तपासणी व निगा

प्रस्तावना :
सातारा व सांगली जिल्ह्यांत वाफेचा बॉयलर म्हटला की रेठरे बुद्रुकचा कृष्णा किंवा साखराळेचा राजारामबापू यांसारखे सहकारी साखर कारखाने डोळ्यांसमोर येतात. तथापि ज्या घरात आजही अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापते, तेथेही तेच तत्त्व कार्यरत असते. दोन्हींत धातूच्या एका अंगास अग्नी व दुसऱ्या अंगास पाणी असते. हे पाणी धातूचे रक्षण कसे करते व त्याची पातळी कशी राखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शास्त्रीय आधार :
बंबाच्या मध्यभागी उभी नळी असते. तीत लाकूड वा कोळसा जळतो, राख जाळीतून खाली पडते आणि नळीभोवतीचे पाणी तापते. उघड्या भांड्यातील पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे नळीला पाणी भिडलेले असेपर्यंत निखारे कितीही प्रखर असले तरी तांबे त्याहून फारसे तापत नाही. पाणी उतरले की उघडा पडलेला भाग मात्र झपाट्याने तापतो. तांबे १०८५ अंशांना वितळते; परंतु कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या पुढे टिकत नाही. अशा डागाने जोडलेला बंब म्हणूनच प्रथम सांध्यांतून गळू लागतो.

घरगुती दक्षता :
१) जाळ घालण्यापूर्वी झाकण काढून पाणी पाहावे.
२) जितके ऊन पाणी काढले, तितके थंड पाणी लगेच घालावे. शेवटी अंघोळ करणाऱ्याकडून हा नियम हमखास मोडतो. पाणी संपते, निखारे मात्र धगधगत राहतात.
३) तोटीची धार बारीक होणे ही उशिरा मिळणारी सूचना होय. तोवर नळीचा बराच भाग उघडा पडलेला असतो.
४) बंब कोरडा पडल्यास त्यात पाणी ओतू नये. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे सोळाशे पट वाढते व ती उसळून भाजण्याचा संभव असतो. प्रथम निखारे काढावेत, बंब निवू द्यावा.
५) वाफेची वाट कधीही बंद करू नये.
६) पाणी जड असल्यास नळीवर क्षारांचा थर बसतो. तो उष्णता अडवतो. म्हणून वेळोवेळी काढावा.

कारखान्यातील बॉयलर :
येथे उसाच्या चिपाडावर वाफ तयार होते. भांडे बंद व दाबाखाली असल्याने झाकण काढून पाहता येत नाही. यास्तव काचनळी बसवलेली असते. जोडलेल्या भांड्यांत पाणी समान पातळी गाठते, हे तिचे तत्त्व. परंतु तिच्या वाटेत गाळ साचल्यास ती खोटी पातळी दाखवते. म्हणून तिची तोटी उघडून पाणी सोडतात; तोटी बंद करताच पाणी चटकन पूर्ववत चढले, तरच तिच्यावर विश्वास ठेवावा. काचेत पाणी दिसेनासे झाले व ते खरोखर उतरल्याची शंका असेल, तर पाणी न सोडता प्रथम इंधन थांबवणे, हाच येथेही नियम आहे.

निष्कर्ष :
१९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमाची जागा २०२५ मध्ये नव्या अधिनियमाने घेतली. कारखान्यात बॉयलरजवळ प्रमाणपत्रधारक परिचर असतो. घरच्या उघड्या बंबाजवळ असा कोणी नसतो. त्यामुळे पातळी पाहण्याची, काढले तितके भरण्याची आणि कोरड्या तप्त भांड्यात पाणी न ओतण्याची सवय घरातील प्रत्येकास, विशेषतः मुलांना, लावणे अगत्याचे ठरते.